खोऱ्यात पोकलेन येण्याआधी: कोयनेच्या पाणलोटात रिसॉर्ट कसं रोखायचं

एप्रिलमध्ये बामणोलीहून लाँचने निघालात की शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बरंच उतरलेलं असतं आणि काठाला तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडलेले असतात. त्याच रंगाची एखादी रेघ डोंगरातून नागमोडी वर चढताना दिसते. तो रस्ता असतो, कुठल्याही वाडीला न जाणारा. आपण चिडतो, फोटो काढतो, गावाच्या ग्रुपवर टाकतो, दोन दिवस चर्चा होते. पण डोंगरावर ती रेघ दिसायला लागली तेव्हा निम्म्याहून अधिक काम उरकलेलं असतं. जमीन तीन-चार वर्षांपूर्वीच गेलेली असते, फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची मालकी-बदलाची नोंद, मंजूर झालेला असतो आणि गावाने त्यातला एकही कागद पाहिलेला नसतो.

रिसॉर्ट कधी ‘रिसॉर्ट’ म्हणून येत नाही. आधी फेरफार येतो, मग रस्ता, मग तारेचं कुंपण, मग ‘शेतघर’, आणि पाटी सगळ्यात शेवटी लागते. म्हणून खाली दिलेली कामं त्याच क्रमाने आहेत. मी उदाहरण घेतलंय ते कोयनेच्या वरच्या अंगाचं, कारण माझं आजोळ तिथलं आणि माझे पाय तिथे फिरलेले आहेत. मुळशी, भोर, वेल्हे, चंदगड किंवा आंबोलीकडच्या वाचकांना यातलं बहुतेक सगळं तसंच वापरता येईल.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, साठ-पासष्ट किलोमीटर सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकच्या वर १०३ मीटर उंचीचं धरण आहे. त्यामुळे मुख्य नदी मोकळी राहिलेली नाही, हे खरं. पण धरणाच्या फुगवट्याच्या वरचे सोळशी, कांदाटी आणि त्यांना मिळणारे शेकडो ओढे अजून आपल्या मर्जीने वाहतात. राखायचं आहे ते हे.

पहिलं काम: झऱ्यांची वही

कायद्याच्या पुस्तकाला हात लावण्याआधी दोनशे पानी वही घ्या आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, मे महिन्यात पाणी कुठे मिळायचं. पुरुषांना विचारू नका असं नाही, पण आटलेल्या दिवसांतलं पाणी कुणी डोक्यावरून आणलं ते आठवा. त्या सांगतील त्या प्रत्येक जागी जा. झऱ्याचं गावातलं नाव, गट नंबर, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, कुठल्या वाडीचं पाणी आहे, गुरं कुठली येतात, वर कुठला सडा (डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ पठार) आहे, हे लिहा.

सडा मोलाचा का, तेही समजून घ्या. सड्याचा जांभा पाऊस स्पंजासारखा पितो. खाली घट्ट बेसॉल्ट किंवा मातीचा थर लागला की ते पाणी कडेने बाहेर पडतं. तोच झरा. वरून सडा ‘पडीक’ दिसतो, सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलेला असतो, म्हणून तो सगळ्यात स्वस्तात विकला जातो. आणि वरून देखावा सुंदर म्हणून रिसॉर्टलाही तोच हवा असतो. तिथे सिमेंट पडलं की खालच्या झऱ्याचं तोंड वरून बांधल्यासारखं होतं.

आता मोजमाप. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. डिसेंबरात बादली ४० सेकंदांत भरली तर झरा मिनिटाला १५ लिटर देतो, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. हीच बादली मे महिन्यात भरायला दोन मिनिटं लागली, तर दिवसाचे ७,२०० लिटर. शंभर माणसांच्या वाडीला जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ५,५०० लिटर लागतात. उरले १,७००, त्यात गुरं. आता चाळीस खोल्यांचं हॉटेल धरा. राष्ट्रीय बांधकाम संहिता साध्या हॉटेलसाठी दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरते. ऐंशी खाटांचे १४,४०० लिटर झाले आणि पोहण्याचा तलाव अजून मोजलेलाच नाही. पर्यटकांची गर्दीही नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, झरा सगळ्यात बारीक असतो तेव्हाच.

हा हिशेब एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. जैवविविधता, परिसंस्था हे शब्द खरे आहेत, पण सभेत लोक उठून बोलायला लागतात ते बादलीच्या हिशेबावर. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मोजत राहा, तारीख-वेळेचा फोटो ठेवा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. दोन वर्षांची अशी वही कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालासमोर ठेवता येते, कारण त्या अहवालासाठी बहुतेकदा माणूस दोन दिवस येऊन गेलेला असतो.

ओढे, देवराया, गुरांच्या वाटा, गव्यांचे पाणवठे, दरडी सुटलेल्या जागा यांच्याही नोंदी त्याच वहीत करा. दरडींची नोंद विशेष काळजीने करा. २०२१च्या जुलैमध्ये याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे डोंगर खाली आले, माणसं गेली. ज्या उतारावर जुन्या भेगा आहेत, तिथे रस्त्यासाठी पायथा कापणं म्हणजे खालच्या वाडीच्या जिवाशी खेळ आहे. भेगांचे फोटो, मोजपट्टी ठेवून, दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर घ्या.

दुसरं काम: सातबारा वाचायला शिका

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. आंदोलनाला दोनशे माणसं मिळतात, पण फेरफार वाचणारा एक मिळत नाही.

गावातल्या चार-पाच जणांनी मिळून सगळ्या गटांची यादी करा. महाभूलेखवर सातबारा फुकट पाहता येतो, गाव नकाशाही ऑनलाइन आहे. प्रत्येक गटासमोर चार गोष्टी लिहा: भोगवटादार कोण, वर्ग एक की दोन (वर्ग दोनची जमीन विकायला सरकारी परवानगी लागते), ‘इतर हक्क’ रकान्यात काय आहे, शेवटचा फेरफार क्रमांक कोणता. झऱ्यांच्या वहीतले गट लाल शाईने खुणा करून ठेवा.

मग ‘आपली चावडी’ची सवय लावा. महाभूमीच्या या पानावर गावात चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. खरेदीखत झालं की नोंद धरली जाते, आणि महसूल अधिनियमाच्या कलम १५०प्रमाणे हरकतीला १५ दिवस मिळतात. हे पंधरा दिवस फार मोलाचे आहेत. पूर्वी तलाठ्याच्या चावडीवर कागद चिकटवायचे आणि तो वाऱ्याने उडायचा. आता मोबाइलवर दिसतं, फक्त कुणीतरी दर सोमवारी पाहायला हवं. ज्याचा जमिनीत हितसंबंध आहे, मग तो सहहिस्सेदार असो किंवा पाण्याचा, वहिवाटीचा हक्कदार, त्याने लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. हरकत आली की नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते. नोंद मंजूर झालीच तर प्रांताकडे ६० दिवसांत अपील करता येतं.

आता मुंबईकरांबद्दल. जावळी, महाबळेश्वर, पाटणची अर्धी घरं घणसोली, कोपरखैरणे नाही तर मशीद बंदरला माथाडीत गेलेली आहेत. एकेका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं असतात, त्यातली निम्मी वारलेली. एजंट गावात येतच नाही. तो नवी मुंबईत एका चुलतभावाला गाठतो, वारस लावून देतो, त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र घेतो. गावाला कळतं ते कुंपणाचे खांब आल्यावर. म्हणून झऱ्यांच्या गटांची यादी घेऊन मुंबईतल्या मंडळात जा. गणपतीत किंवा शिमग्याला सगळे गावी आलेले असतात, तेव्हा एक संध्याकाळ यासाठीच ठेवा. विकणाऱ्याला गद्दार म्हणू नका. लेकीचं लग्न, दवाखाना, घराचा हप्ता, अशी कारणं असतात त्याची. त्याला एवढंच सांगा: विकण्याआधी गावाला विचार, आणि झऱ्यापासून वरचा तुकडा राखून ठेव. आमच्याकडे दोन कुटुंबांनी एवढ्या बोलण्यावर कागद थांबवले.

जमीन आधीच गेली असेल तरी शोध सुरू ठेवा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि गट नंबर टाकून सूची क्रमांक दोन काढता येते. त्यात घेणारा, देणारा, मोबदला, दस्ताचा प्रकार दिसतो. यानंतर तीन प्रश्न विचारा. घेणारा शेतकरी आहे का? कुळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय गेली का? आणि एकाच कुटुंबाकडे एकूण किती जमली? त्यासाठी आसपासच्या सगळ्या गावांचे आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढून बेरीज करावी लागते. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने पाच जणांच्या कुटुंबाला कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे.

ही बेरीज काय करू शकते, ते कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीने दाखवलं. तिथली सहाशे एकरांहून अधिक जमीन मोजक्या खरेदीदारांकडे गेल्याचं २०२४मध्ये बाहेर आलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली, जमीन धारणा कायद्याखाली नोटिसा निघाल्या, सुनावण्या झाल्या. एक आख्खं गाव विकलं जातं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही, कारण प्रत्येक फेरफार सुटा-सुटा मंजूर झालेला असतो.

तिसरं काम: त्याच नकाशावर कायद्याच्या रेषा

गाव नकाशाच्या छापील प्रतीवर रंगीत पेन्सिलने पुढच्या हद्दी काढा. कुठला गट कशात येतो हे एकदा कळलं की कुठल्या कार्यालयात जायचं ते आपोआप कळतं.

महाबळेश्वर-पाचगणीचं संवेदनशील क्षेत्र १७ जानेवारी २००१च्या अधिसूचनेने ठरलेलं आहे. त्यात येत असाल तर बांधकामावर बंधनं कडक आहेत आणि तक्रारीसाठी स्वतंत्र सनियंत्रण समिती आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१०चा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान त्याचे भाग, भोवती बफर. बामणोली हे त्याचंच वनपरिक्षेत्र. व्याघ्र प्रकल्पाची आणि दोन प्रकल्पांना जोडणारी जमीन पर्यावरणाला मारक वापराकडे वळवायला वन्यजीव कायद्याने राष्ट्रीय मंडळाची मान्यता लागते. कोयना अभयारण्य आणि कासचं पठार २०१२पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ती ओळख अर्जात जरूर लिहा, पण तिने एकटीने बांधकाम थांबत नाही.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दल लोकांचा गोंधळ होतो. गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३चा. त्यानंतर २०१४पासून मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघाली, सहावी ३१ जुलै २०२४ची. तिच्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. अधिकारी म्हणतात, ‘हा तर मसुदा आहे.’ त्यावर उत्तर तयार ठेवा: १३ नोव्हेंबर २०१३ रोजी केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ५खाली निर्देश काढलेले आहेत, आणि त्यांत या क्षेत्रातल्या २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना आणि ५० हेक्टरांच्या वसाहतींना मनाई आहे. गावाचं नाव यादीत आहे का पाहा आणि त्या पानाची प्रत वहीत चिकटवा.

वन म्हणजे फक्त वनखात्याचं जंगल नव्हे. १९७५च्या कायद्याने संपादित झालेली खासगी वनंही असतात आणि ती सातबाऱ्यावर कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. वनविभागाकडून गटवार यादी लेखी मागा. पूररेषा पाटबंधारे विभागाकडून घ्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. नदीकाठच्या कामांवर बंधनं घालणारं महाराष्ट्राचं नदी नियमन क्षेत्राचं जुनं धोरण २०१५मध्ये रद्द झालं, त्यामुळे आता पूररेषेचा कागद अधिकच लागतो.

चौथं काम: माहितीचा अर्ज

थोडक्यात सांगतो, कारण अर्जाचा नमुना कुठेही मिळतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट किंवा राज्याचं ऑनलाइन पोर्टल. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमांत ती मर्यादा आहे. उत्तराला ३० दिवस, ते न आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं.

‘का’ विचारू नका, कागद मागा. ‘गट क्रमांक अमुकमधील रस्त्याला परवानगी का दिली?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘गट क्रमांक अमुकमध्ये गौण खनिज उत्खननासाठी दिलेल्या परवान्याची, स्वामित्वधन भरल्याच्या चलनाची आणि स्थळ पाहणी अहवालाची प्रत’ याला येतं. आणि ‘अशी परवानगी दिलेली नाही’ असं उत्तर आलं तर तो तुमच्या हातातला सगळ्यात भारी कागद असतो. शक्य असेल तिथे संचिकेचं निरीक्षण मागा. समोर बसून फाइल चाळताना टिपणीच्या कडेला लिहिलेले शेरे दिसतात, आणि खरी गोष्ट पुष्कळदा तिथे असते.

पाचवं काम: ग्रामसभा, कागदावर

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या चार दिवसांच्या ग्रामसभा तुम्हाला आधीपासून माहीत असतात, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. विषय आठवडाभर आधी लेखी देऊन पोच घ्या, नाहीतर ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून ढकलला जातो. ठरावात भावना कमी आणि गट नंबर जास्त असू द्या: कुठले झरे, किती कुटुंबं, मे महिन्यातलं मोजमाप, आणि ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला देऊ नये. नक्कल सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात घ्या. एकदा आमच्या ओळखीच्या एका वाडीत ठराव झाला, टाळ्या झाल्या, आणि चार महिन्यांनी इतिवृत्तात त्याच्या जागी दिवाबत्तीचा विषय निघाला. तेव्हापासून आम्ही सभा संपल्यावर इतिवृत्त वाचून सही होईपर्यंत घरी जात नाही.

साधा ठराव सरकारला बांधत नाही, हेही खरं. त्याला बळ येतं वनहक्क कायद्याने. २००६च्या या कायद्यात गावाला सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा, तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, आणि कलम ५ ग्रामसभेला पाणलोट क्षेत्रं, जलस्रोत सांभाळण्याचा अधिकार देतं. हा कायदा फक्त आदिवासींचा असं तालुक्याला सांगितलं जातं. तसं नाही. धनगर-गवळी, कुणबी, मराठा, कुणीही पारंपरिक वननिवासी दावा करू शकतो, मात्र १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो. जुने पाहणीपत्रक, गुरांच्या चराईच्या पावत्या, वडीलधाऱ्यांचे जबाब, देवराईतली जुनी ठिकाणं हे सगळं चालतं. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ला निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्यामागे वनहक्कच होते.

दुसरं हत्यार दुर्लक्षित आहे. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, कागदावर तरी. तिची लोक जैवविविधता नोंदवही मागा. ती दुसऱ्या गावाची नक्कल निघाली, तर तुमच्या झऱ्यांच्या वहीवरून ती नव्याने करून घ्या.

सहावं काम: यंत्र आलं त्या दिवशी

शनिवार, रविवार, दिवाळी. यंत्रं सहसा सुट्टीला येतात, कारण कार्यालयं बंद असतात. म्हणून नंबरांची यादी आधीच करून ठेवा: तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, वनपाल, पोलीस पाटील, पोलीस ठाणे.

एकट्याने जाऊ नका. खासगी कुंपणात शिरू नका, चालकाशी भांडू नका, त्याचं पोट त्यावर आहे. सार्वजनिक वाटेवरून किंवा समोरच्या डोंगरावरून फोटो आणि व्हिडिओ घ्या: यंत्राचा क्रमांक, कापलेला उतार, मुरुमाचे ढीग, तोडलेल्या झाडांचे बुंधे, ओढ्यात ढकललेली माती. ठिकाण आणि वेळ छापणारं ॲप वापरा आणि मूळ फाइल तशीच ठेवा, कारण ग्रुपवर पाठवल्यावर तपशील निघून जातो.

त्याच दिवशी तीन वेगळे अर्ज ईमेलने आणि प्रत्यक्ष द्या. तहसीलदारांना विनापरवाना उत्खननाबद्दल: महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७)प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि यंत्र जप्तीची तरतूद आहे. वनविभागाला झाडांबद्दल, १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली. तिसरा, जमीन वापराबद्दल: बिनशेती किंवा बांधकाम परवानगी आहे का, नसल्यास काम थांबवावं. तिन्हींत एकच मागणी समान ठेवा, की जागेवर पंचनामा व्हावा आणि त्याची प्रत मिळावी. पंचनाम्याला स्वतः हजर राहा. मुरुमाची ब्रास मोजताना टेप तुमच्या हातात असू द्या. मी पाहिलेल्या एका पंचनाम्यात शंभरेक ब्रासच्या खड्ड्याची नोंद वीस ब्रास झाली होती. आम्ही जागेवरच लांबी-रुंदी-खोली मोजून हरकत लिहिली, तेव्हा आकडा बदलला.

‘हे शेतघर आहे’ असं उत्तर हमखास येतं. शेतघराला महसूल अधिनियमाच्या कलम ४१ची मर्यादा आहे, आणि रात्रीच्या भाड्याने खोल्या देणं हा शेतीचा वापर होत नाही. बुकिंगच्या संकेतस्थळावर तीच इमारत दरासकट दिसत असेल तर ते पान तारखेसह छापून जोडा. प्लॉट पाडून विकणं चालू असेल तर महारेरावर, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, शोधा: ५०० चौरस मीटरांहून मोठी जमीन आणि आठाहून अधिक घरं किंवा प्लॉट असतील तर नोंदणी लागते. नोंदणी केलेली असली तर विकासकानेच चढवलेले नकाशे तिथे फुकट मिळतात.

सातवं काम: मंजुरीची फाइल

२००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे पर्यावरण मंजुरी लागते. त्यामुळे प्रकल्प १९ हजारांचे निघतात, किंवा एकाच डोंगरावर तीन नावांनी तीन. रस्ता एक, पाण्याची टाकी एक, मलनिस्सारण एक, संचालक तेच. हे तुकडे जोडून दाखवणं तुमचं काम, आणि सूची दोनची यादी इथे उपयोगी पडते. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर दिसतात. जिल्ह्याचं नाव टाकून महिन्यातून एकदा पाहा. या वर्गातल्या बांधकामांना जनसुनावणीतून सूट आहे, म्हणून वाट पाहू नका. फाइल दिसली की राज्याच्या मूल्यांकन समितीला लेखी निवेदन पाठवा, झऱ्यांची वही आणि पाण्याचा हिशेब जोडून.

मुळशीच्या बाजूला मोसे खोऱ्यात लवासाचं, म्हणजे डोंगरात वसवलेल्या खासगी शहराचं, काय झालं ते पाहा. १९९६च्या थंड हवेच्या ठिकाणांच्या नियमावलीने दार उघडलं, डोंगर कापले गेले, आणि केंद्राची काम थांबवण्याची नोटीस आली ती २५ नोव्हेंबर २०१०ला. वर्षभरानंतर पहिल्या २,००० हेक्टरांच्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कापलेले डोंगर परत भरून आले नाहीत.

कोयनेच्या बाबतीत त्याहून मोठी फाइल म्हणजे नवीन महाबळेश्वर. राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, आधी २३५ गावांसाठी, मग आणखी गावं जोडून आकडा पाचशेच्या वर गेला. विकास आराखड्यात जमीन एकदा ‘पर्यटन’ किंवा ‘रहिवास’ पट्ट्यात गेली की बिनशेतीचा अडसर जवळपास संपतो. त्यामुळे आराखड्याची हरकत ही शंभर रिसॉर्टांच्या हरकतींइतकी आहे. मुदत साधारण महिनाभराचीच असते, नोटिशीतली तारीख पाहा. प्रत्येक कुटुंबाने वेगळी हरकत द्यावी, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या गटाबद्दल. छापील नमुन्याच्या पाचशे प्रती एकच हरकत म्हणून निकाली निघतात. सुनावणीला बोलावतात तेव्हा जा, बोला आणि बोललेलं लेखी देऊन पोच घ्या. नुसतं ‘आराखडा नको’ म्हणण्यापेक्षा ‘हे चाळीस झरे आणि त्यांच्यावरचे सडे ना-विकास पट्ट्यात टाका, ही त्यांची गटवार यादी’ असं म्हणा. मागणी मान्य झाली नाही तरी ती नोंदीवर राहते आणि पुढे न्यायालयात वाचली जाते.

आठवं काम: हे सगळं चालू असताना खायचं काय?

धरणाने या खोऱ्यातली सुपीक शेतं साठ वर्षांपूर्वी पाण्याखाली घेतली. त्या पाण्यातले ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळून वीज होतात, उरलेलं कराड-सांगलीला जातं, आणि वर राहिलेल्या वाड्यांना आजारी माणूस लाँचने न्यावा लागतो. अशा माणसाला ‘पर्यटन नको’ सांगायचा हक्क शहरातून आलेल्या कुणालाही नाही. भांडण पाहुण्याशी नाही. भांडण याच्याशी आहे की जमीन कायमची जाते आणि गावच्या पोराच्या वाट्याला त्याच जमिनीवर वॉचमनची नोकरी येते.

म्हणून विरोधाच्या पहिल्याच सभेत दुसरी यादी करा: किती घरांत दोन खोल्या पाहुण्यांना देता येतील, लाँच कुणाच्या, वाटाड्या कोण, नाचणीची भाकरी आणि मासे कोण रांधेल. निवास-न्याहारी योजनेत आणि २०२०च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणी करता येते. शोषखड्डा, कचरा परत नेण्याची अट, आणि एका दिवशी वाडीत जास्तीत जास्त किती माणसं, हे ग्रामसभेत ठरवा. ही मर्यादाही झऱ्याच्या मे महिन्यातल्या मोजमापावरून काढा. आपल्याला लावलेला नियम बाहेरच्याला लावताना आवाज ठाम येतो.

नववं काम: हरित न्यायाधिकरण

पुण्याला पश्चिम विभागाचं खंडपीठ आहे. वादासाठी कलम १४, कारण घडल्यापासून सहा महिन्यांत. मंजुरीविरुद्ध अपील कलम १६, ३० दिवसांत. उशिराचं सबळ कारण दिलं तर दोन्हींत आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी हजार रुपये. पत्राचीही दखल घेतली जाऊ शकते. न्यायाधिकरणाचा स्वतःहून दखल घेण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२१ला मान्य केलेला आहे. वकील शोधताना फीच्या आधी विचारा, तुम्ही जागा पाहायला याल का? जो ओढा चालून आला, तो वेगळं बोलतो.

अर्जात नाव घेऊन आरोप कागदाशिवाय करू नका, समाजमाध्यमांवर तर मुळीच नाही. बदनामीच्या नोटिशीत गुंतलेला कार्यकर्ता सुनावणीला पोचत नाही. हत्यार एकच, तारखांचा तक्ता: कुठला फेरफार कधी, रस्ता कधी, तक्रार कधी, उत्तर काय. डाव्या रकान्यात तारीख, उजव्या रकान्यात कागदाचा क्रमांक, चार पानांत संपलेला. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं मिळतात. त्याच गटाची तीन वर्षांची तीन चित्रं शेजारी लावली की पहिला रस्ता कधी कापला ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि आदेश आल्यानंतर

आदेशाची प्रत घेऊन पहिल्याच आठवड्यात तलाठ्याकडे जा आणि संबंधित गटाच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद करून घ्या. नाहीतर तीच जमीन पुढच्या माणसाला विकली जाते आणि तो म्हणतो, मला ठाऊक नव्हतं. मंजुरी अटींसह मिळाली असेल तर विकासकाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो मागवा आणि अट हातात धरून जागेवर जा: मलशुद्धीकरण चालू आहे का, टँकर कुठल्या ओढ्यातून भरतो, माती अडवायची भिंत उभी राहिली का.

कापलेला रस्ता बंद झाला तरी उघडा उतार तसाच असतो. पहिल्या पावसात तो ओढ्यात उतरू नये म्हणून मे संपायच्या आत समतल चर आणि दगडी बांध घालायला लावा. खर्च दोषीकडून वसूल करण्याची मागणी अर्जातच घातलेली असली तर हे सोपं जातं. आमच्याकडे तेवढं थांबायला वेळ नव्हता म्हणून वाडीतल्या चौदा जणांनी तीन दिवसांत बांध घातले. जुलैत खालच्या झऱ्याला गढूळ पाणी आलं, ऑगस्टमध्ये निवळलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या मोजणीला बादली पुन्हा ४० सेकंदांत भरली. ती नोंद वहीच्या ६१व्या पानावर आहे.